घरात मारहाण करणाऱ्याच्या हाती परवान्याची बंदूक: सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कुटुंबांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत परवान्याची बंदूक असलेली घरे नवलाची नाहीत. निवृत्त झालेला फौजी बँकेत किंवा कारखान्यावर सुरक्षारक्षकाची नोकरी मिळावी म्हणून बारा बोरची बंदूक घेतो, पाटण आणि शिराळ्याच्या डोंगरपट्ट्यात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक असते, आणि काही घरांत राजकारणातील वजन दाखवण्यासाठी रिव्हॉल्व्हर आलेले असते. अशा घरातील माणूस बायकोला मारहाण करत असेल, तर त्या शस्त्राचे काय करायचे, या एकाच विषयापुरती ही प्रश्नोत्तरे आहेत. प्रत्येक प्रकरणाचे तपशील वेगळे असतात, त्यामुळे प्रत्यक्ष अर्ज करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

या क्षणी तो बंदूक दाखवून धमकावत असेल, तर आधी काय करावे?

घराबाहेर पडावे आणि ११२ वर फोन करावा. फोनवर "भांडण चालू आहे" एवढेच न सांगता "घरात बंदूक आहे आणि ती हातात आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण येणाऱ्या पोलिसांची तयारी त्यावर ठरते. अर्ज, कागद आणि परवाना या सगळ्या गोष्टी नंतरच्या आहेत.

पत्नीला मारहाण करणाऱ्याचा शस्त्र परवाना आपोआप रद्द होतो का?

होत नाही. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार झाली किंवा न्यायालयाने संरक्षण आदेश दिला की त्या माणसाला शस्त्र बाळगण्यास मनाई होईल, असे सांगणारे एकही कलम आपल्याकडे नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे आणि कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा असून तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या दोन कायद्यांना एकमेकांशी थेट जोडणारे कलम कोणी लिहिलेले नाही. तरीही दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले, तर बंदूक घराबाहेर काढता येईल इतके अधिकार आजच्या तरतुदींतच सापडतात. ते वापरण्यासाठी कोणीतरी नेमके शब्द लिहून मागणी करावी लागते, आणि अनेक अर्जांत ती मागणीच नसते.

शस्त्र अधिनियमात यासाठी कोणती कलमे उपयोगी पडतात?

सर्वांत कडक कलम ९ आहे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून कितीही मुदतीच्या कारावासाची शिक्षा झालेल्या माणसाला, ती शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षे उलटेपर्यंत शस्त्र बाळगता येत नाही. शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी ज्याच्याकडून बंधपत्र घेण्याचा आदेश झाला आहे, त्यालाही बंधपत्राच्या मुदतीत हीच मनाई लागू होते. या दुसऱ्या भागाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून त्याविषयी पुढे स्वतंत्र उत्तर दिले आहे.

कलम १४ परवाना नाकारण्याविषयी आहे आणि कलम १७ दिलेला परवाना निलंबित किंवा रद्द करण्याविषयी. धारक "कोणत्याही कारणाने" परवान्यास अपात्र आहे असे वाटल्यास, सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षितता यांसाठी आवश्यक असल्यास, अर्जात महत्त्वाची माहिती दडवली असल्यास किंवा परवान्याच्या अटी मोडल्या असल्यास परवाना प्राधिकारी कलम १७ खाली कारवाई करू शकतो. सातारा आणि सांगली येथे पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे सामान्य नागरिकांच्या बंदूक-रिव्हॉल्व्हरसाठी हा प्राधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, अर्थात जिल्हाधिकारी. परवाना निलंबित झाल्यावर शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे विनाविलंब जमा करणे कलम २१ प्रमाणे बंधनकारक आहे.

कलम २२ क्वचितच वापरले जाते. एखाद्या माणसाच्या ताब्यात शस्त्र राहू देणे सार्वजनिक शांततेला किंवा सुरक्षिततेला धोक्याचे आहे असे मानण्यास दंडाधिकाऱ्याला कारण असेल, तर कारणे नोंदवून तो घराची झडती घ्यायला लावू शकतो आणि शस्त्र जप्त करून आवश्यक वाटेल तितका काळ ताब्यात ठेवू शकतो. त्या माणसाला शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर अधिकार असला तरीही हे करता येते, असे कलमातच लिहिले आहे. म्हणजे परवाना चालू आहे, मुदतीत आहे, हे इथे उत्तर होऊ शकत नाही.

माझ्या पतीवर ४९८-अ (पत्नीच्या छळाचा गुन्हा) दाखल आहे. तेवढ्याने परवाना जाईल का?

फक्त गुन्हा दाखल असल्याने कलम ९ लागू होत नाही, कारण त्यासाठी दोषसिद्धी आणि कारावासाची शिक्षा लागते. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना जुन्या ४९८-अ ऐवजी भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ लागते. शिक्षा तीन वर्षांपर्यंतचीच आहे आणि निकालाला वर्षे लागतात. शिवाय केवळ फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे एवढ्या एका कारणावरून परवाना रद्द करता येत नाही, असे उच्च न्यायालयांनी वेगवेगळ्या प्रकरणांत म्हटले आहे. त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांकडील अर्जात "पतीवर गुन्हा आहे" असे लिहून थांबणे पुरेसे नसते. शस्त्राचा आणि हिंसेचा संबंध दाखवावा लागतो: बंदूक कधी काढली, कोणासमोर काढली, काय शब्द वापरले, काडतुसे कुठे ठेवलेली असतात. "गोळी घालीन" ही धमकी दिलेली असल्यास ती तक्रारीत त्याच शब्दांत यायला हवी, कारण ठार मारण्याच्या धमकीला न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पोलिसांनी ती साधी एनसी (अदखलपात्र नोंद) म्हणून नोंदवली असेल, तर नोंद कोणत्या कलमाखाली झाली हे विचारून घ्यावे.

डी.व्ही. केसमध्ये (कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात) बंदूक जमा करण्याचा आदेश मागता येतो का?

मागता येतो आणि मागावाच. २००५ च्या महिला संरक्षण अधिनियमाच्या कलम १८ खालील संरक्षण आदेशात दंडाधिकारी सामनेवाल्याला आदेशात नमूद केलेली कोणतीही कृती करण्यास मनाई करू शकतात. कलम १९(२) तर पीडितेच्या किंवा तिच्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी वाजवी वाटेल अशी कोणतीही अतिरिक्त अट घालण्याचा अधिकार देते. सुनावणी लांबणार असेल तर कलम २३ खाली अंतरिम आदेश, आणि धोका तातडीचा असेल तर समोरच्याला ऐकण्यापूर्वीच एकतर्फी आदेश मागता येतो. कायद्याप्रमाणे पहिली तारीख साधारणपणे अर्जापासून तीन दिवसांच्या आत असावी. प्रत्यक्षात ती तशी मिळते असे आम्ही म्हणणार नाही, पण बंदुकीचा उल्लेख ठळक असलेला अर्ज लवकर घ्यावा असा आग्रह धरायला ही तरतूद उपयोगी पडते.

याच अधिनियमाच्या २००६ च्या नियमांतील नियम १० प्रमाणे, दंडाधिकाऱ्यांनी लेखी निर्देश दिल्यास, हिंसाचारात वापरलेले हत्यार जप्त करण्यासाठी पोलिसांची मदत घेणे हे संरक्षण अधिकाऱ्याचे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याचे, काम आहे. "लेखी निर्देश दिल्यास" हे शब्द महत्त्वाचे आहेत. अर्जाच्या विनंतीत हा निर्देश मागितलेला नसेल, तर संरक्षण अधिकाऱ्याला स्वतःहून बंदुकीला हात लावता येत नाही. घरगुती घटनेच्या अहवालातही, म्हणजे डीआयआरमध्ये, शस्त्राचा तपशील भरून घ्यावा.

सासर पुण्यात आणि माहेर विट्यात असेल, तर पीडिता सध्या राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो, मग ते राहणे तात्पुरते का असेना.

बंधपत्राचा मुद्दा काय आहे?

महिला संरक्षण अधिनियमाच्या कलम १९(३) प्रमाणे दंडाधिकारी सामनेवाल्याकडून हिंसाचार न करण्याबद्दल बंधपत्र घेऊ शकतात, जामीनदारांसह किंवा जामीनदारांशिवाय. पुढच्याच पोटकलमात असे म्हटले आहे की हा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या प्रकरण ८ खालील आदेश मानला जाईल. आता शस्त्र अधिनियमाचे कलम ९ पुन्हा वाचावे: ज्याला त्याच प्रकरण ८ खाली शांततेचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र देण्याचा आदेश झाला आहे, त्याला बंधपत्राच्या मुदतीत शस्त्र बाळगण्यास मनाई आहे. दोन वेगवेगळ्या काळांत लिहिलेली ही दोन कलमे याच एका जागी एकमेकांना भेटतात. आमच्या मते संपूर्ण कायद्यात पीडितेच्या हातातील सर्वांत भक्कम दुवा हाच आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत कमी वापरला जाणाराही हाच.

समोरचा वकील म्हणेल की हिंसाचार रोखण्याचे बंधपत्र आणि शांततेचे बंधपत्र एक नव्हे. त्याला उत्तर असे की कायद्याने "मानले जाईल" म्हटल्यावर दोघांत फरक करण्याचे कारण उरत नाही, आणि घरात मारहाण न करण्याची हमी ही शांतता राखण्याची हमी नसेल तर ती दुसरे काय आहे, हे समोरच्याने सांगावे. जुनी संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आल्याने हे प्रकरण आता नव्या संहितेत प्रकरण ९ म्हणून आहे. एका कायद्यातला जुना उल्लेख नव्या तरतुदीला लागू धरण्याचा सर्वसाधारण नियम असल्याने मुद्दा बदलत नाही, पण अर्जात दोन्ही उल्लेख करावेत म्हणजे कारकुनी हरकत निघत नाही.

ज्याला गावात "चॅप्टर केस" म्हणतात तीही याच प्रकरणातली. पोलिसांनी तहसीलदारांकडे किंवा प्रांतांकडे प्रस्ताव पाठवून शांततेसाठी बंधपत्र घ्यायला लावले, तर त्या मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त एक वर्ष, कलम ९ थेट लागू होते. डी.व्ही. केस करायची अजून मनाची तयारी नसलेल्या स्त्रीसाठी हा मार्ग तुलनेने सोपा आहे. चॅप्टर झालेल्या किती परवानाधारकांची बंदूक खरोखर जमा करून घेतली जाते, हा प्रश्न ठाण्याच्या निरीक्षकांना विचारण्यासारखा आहे.

न्यायालयाचा आदेश झाला. जिल्हाधिकाऱ्यांना तो कळतो का?

कायद्याने कळवण्याची व्यवस्था नाही. महिला संरक्षण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत पक्षकारांना, हद्दीतील पोलीस ठाण्याला आणि सेवा देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला विनामूल्य मिळते. परवाना शाखेचे नाव त्या यादीत नाही. पोलीस ठाण्याला प्रत मिळते खरी, पण ती डी.व्ही.च्या फाइलला लागते आणि परवानाधारकांची नोंद वेगळ्या वहीत असते. दोन्ही कागद एकाच इमारतीत असूनही एकमेकांना भेटत नाहीत.

म्हणून हे काम स्वतः करावे लागते. आदेशाची प्रमाणित प्रत आणि परवाना निलंबित करण्याची विनंती करणारा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेसाठी आवक विभागात द्यावा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, आणि तीच प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयात व आपल्या ठाण्यातही द्यावी. जत किंवा आटपाडीहून सांगलीला, माण किंवा खटावहून साताऱ्याला या कामासाठी खेप घालणे सोपे नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. स्पीड पोस्टाने पाठवलेला अर्जही चालतो, फक्त पोचपावती जपून ठेवावी.

यंत्रणेला शस्त्रे जमा करून घेणे जमत नाही, असे मात्र कोणी सांगू नये. निवडणूक जाहीर झाली की गावागावांतील परवानाधारकांना नोटिसा जातात, छाननी समिती बसते आणि बंदुका ठाण्यात जमा होतात. मतदानासाठी जी तत्परता दाखवता येते ती एका बाईच्या जिवासाठीही दाखवता यायला हवी.

अर्जात नेमके काय लिहावे?

परवान्याचा क्रमांक माहीत नसला तरी अडत नाही. धारकाचे नाव, पत्ता, शस्त्राचे वर्णन आणि ते घरात कुठे असते एवढे लिहावे, कारण परवान्यांची राष्ट्रीय संगणकीय नोंद असते आणि प्रत्येक धारकाला त्यात स्वतंत्र ओळख क्रमांक दिलेला असतो. त्यानंतर बंदुकीशी जोडलेल्या घटना तारीखवार लिहाव्यात. तारीख आठवत नसेल तर बेंदूर, यात्रा, मुलाची परीक्षा अशा खुणेने काळ सांगावा, अंदाजाने चुकीची तारीख लिहू नये, कारण उलटतपासणीत तिथेच बोट ठेवले जाते. विनंती करताना कलम १७(३) मधील "कोणत्याही कारणाने अपात्र" आणि "सार्वजनिक सुरक्षितता" हे दोन्ही आधार स्वतंत्रपणे मांडावेत आणि अंतिम निर्णय होईपर्यंत निलंबनाची मागणी करावी.

शस्त्रे किती आहेत तेही लिहावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, पूर्वी ही संख्या तीन होती. एक जमा करून दुसरी घरात ठेवण्याचा प्रकार टाळण्यासाठी "सर्व शस्त्रे, सर्व काडतुसे आणि परवाना पुस्तिका" असे शब्द वापरावेत.

"हे घरातले भांडण आहे, सार्वजनिक शांततेचा यात काय संबंध?" असे समोरून म्हटले तर?

हा युक्तिवाद नेहमी येतो आणि तो अगदीच पोकळ नाही, कारण दोन माणसांतील खासगी वाद आणि सार्वजनिक शांतता यांत न्यायालये फरक करतात. म्हणूनच सगळा भार त्या एका शब्दावर टाकू नये. "कोणत्याही कारणाने अपात्र" हा आधार सार्वजनिक शांततेवर अवलंबून नाही. स्वसंरक्षणासाठी किंवा पीक राखण्यासाठी दिलेले शस्त्र बायकोवर रोखणारा माणूस ज्या कारणासाठी परवाना मिळाला त्याच्या बाहेर गेला आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. शिवाय वाड्यात किंवा चाळीत झाडलेली गोळी भिंत ओळखत नाही. शेजाऱ्यांनी ऐकले असेल, अंगणात मुले असतील, सोडवायला आलेल्या भावावर बंदूक रोखली असेल, तर तो प्रसंग चार भिंतींतला राहत नाही. शेजाऱ्यांचे आणि पोलीस पाटलांचे जबाब यासाठी लागतात. पोलीस पाटील भावकीतलेच असल्यामुळे गप्प राहतात, असा अनुभव अनेक जणी सांगतात. अशा वेळी आशासेविका, शाळेतील शिक्षक किंवा उपचार करणारे डॉक्टर यांचे म्हणणे अधिक उपयोगी ठरते.

बंदूक सासऱ्यांच्या नावावर आहे, पण धमकावतो नवरा. मग?

परवाना ज्याच्या नावावर आहे त्यानेच ते शस्त्र बाळगायचे असते आणि ते दुसऱ्याच्या हाती लागणार नाही असे कुलूपबंद ठेवण्याची जबाबदारी त्याची असते. मुलाला ते सहज उचलता येत असेल, तर सासऱ्यांनी अट मोडली आहे आणि त्यांच्याच परवान्यावर कलम १७ खाली कारवाई होऊ शकते. मुलाने परवान्याशिवाय शस्त्र ताब्यात घेतले हा वेगळा गुन्हा होतो. डी.व्ही. अर्जात सासऱ्यांनाही सामनेवाले करायचे की नाही हे वकिलाशी बोलून ठरवावे. बंदूक घराबाहेर जावी एवढाच हेतू असेल, तर गृह शाखेकडील अर्ज पुरतो.

बंदूक परवान्याची नसून गावठी कट्टा आहे. सांगितले तर मीही अडकेन का?

शस्त्राचा जाणीवपूर्वक ताबा असल्याशिवाय गुन्हा होत नाही. घरात कट्टा आहे हे माहीत असणे आणि त्यावर तुमचे नियंत्रण असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्वतःहून पोलिसांना कळवणारी स्त्री आपले नियंत्रण नव्हते हेच दाखवत असते. विनापरवाना बंदुकीला २०१९ पासून किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. इथे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाण्याची गरज नाही, थेट पोलीस ठाण्यात जावे. माहिती देताना तुम्ही त्या घरात नसाल अशी वेळ निवडावी.

मी त्याची बंदूक गुपचूप माहेरी नेऊन ठेवली किंवा ठाण्यात नेऊन दिली तर चालेल का?

माहेरी नेऊ नये. परवाना तुमच्या नावावर नसल्याने ते शस्त्र तुमच्या किंवा तुमच्या भावाच्या ताब्यात सापडले, तर शस्त्र अधिनियमाचा गुन्हा तुमच्यावरच लागू शकतो, आणि सासरची मंडळी चोरीची फिर्याद देतील ती वेगळीच. ठाण्यात नेण्यामागचा हेतू चांगला असला तरी भरलेली बंदूक घेऊन एसटीने किंवा दुचाकीने जाणे धोक्याचे आहे. पोलिसांना फोन करून घरी बोलवावे आणि जागा दाखवावी. काडतुसे काढून ठेवण्याचा प्रयत्नही, बंदूक हाताळण्याची सवय नसेल तर, करू नये.

पती सैन्यात किंवा पोलिसात आहे. त्याच्या शस्त्राचे काय?

कामाचे शस्त्र सरकारचे असते, त्याला हा परवाना लागत नाही आणि म्हणून जिल्हाधिकारी ते काढून घेऊ शकत नाहीत. पोलिसाबाबत पोलीस अधीक्षकांकडे आणि सैनिकाबाबत त्याच्या युनिटच्या कमान अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून न्यायालयाच्या आदेशाची प्रत जोडावी. रजेवर घरी येणाऱ्या जवानाचे खासगी शस्त्र मात्र इतर कोणाच्याही शस्त्राप्रमाणे परवान्याखाली येते. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांचा जिल्हा असल्याने हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो आणि तो विचारताना बायका खाली मान घालतात, जणू नवऱ्याच्या गणवेशाविरुद्ध तक्रार केल्यासारखे त्यांना वाटते. तक्रार गणवेशाविरुद्ध नसते.

परवाना दुसऱ्या राज्यात, नोकरीच्या ठिकाणी काढलेला आहे. तर अर्ज कुठे करायचा?

दोन्हीकडे. ज्या प्राधिकाऱ्याने परवाना दिला त्याच्याकडे, आणि आता शस्त्र जिथे आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. राहण्याचे ठिकाण कायमचे बदलल्यावर नव्या प्राधिकाऱ्याला कळवणे हे धारकाचे कर्तव्य असते. ते केलेले नसेल, तर तो मुद्दाही अर्जात घ्यावा.

आमच्या घरात बंदूक नाही, कोयता आहे. या तरतुदी लागू होतात का?

शस्त्र अधिनियम शेतीच्या आणि घरगुती वापराच्या अवजारांना शस्त्र मानत नाही, त्यामुळे ऊसतोडीच्या कोयत्याला परवानाही नाही आणि निलंबनही नाही. पण महिला संरक्षण नियमांतील "हत्यार" हा शब्द बंदुकीपुरता मर्यादित केलेला नाही. कोयता किंवा कुऱ्हाड दाखवून धमकावले असेल, तर ते जप्त करण्याचा निर्देश दंडाधिकाऱ्यांकडे मागता येतो.

अमेरिकेत असा कायदा आहे म्हणतात. तो कसा आहे?

तिथे १९९४ पासून, ठरावीक अटींत बसणारा संरक्षण आदेश लागू असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. १९९६ च्या लाउटेनबर्ग दुरुस्तीने घरगुती हिंसाचाराच्या किरकोळ दर्जाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांनाही मनाई केली, आणि ती मनाई पोलीस व सैनिकांच्या कामाच्या शस्त्रांपर्यंत पोहोचते. लग्न न झालेल्या जोडीदाराबाबतची पळवाट २०२२ मध्ये काही प्रमाणात बुजवली गेली. संरक्षण आदेशावरील मनाई घटनाबाह्य आहे असा दावा रहिमी नावाच्या प्रकरणात झाला, तो तेथील सर्वोच्च न्यायालयाने २१ जून २०२४ रोजी आठ विरुद्ध एक मतांनी फेटाळला. मारहाण करणाऱ्याच्या हाती बंदूक असेल तर पत्नी किंवा जोडीदार स्त्रीचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो, असे तेथील २००३ च्या एका अभ्यासात दिसले होते.

तिथे बंदूक बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क आहे, तरी मारहाण करणाऱ्याचा तो हक्क कायदा थेट थांबवतो. आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, सरकारने दिलेली परवानगी आहे, आणि तरीही ती थांबवण्यासाठी मार खाल्लेल्या बाईलाच तीन कार्यालयांत अर्ज द्यावे लागतात. कलम ९ मध्ये संरक्षण आदेशाचा उल्लेख घालण्याची एका ओळीची दुरुस्ती यासाठी पुरेशी आहे, असे आम्हाला वाटते. २०१९ मध्ये हा कायदा उघडला गेला तेव्हा लग्न-वरातीतील गोळीबारासाठी शिक्षा आली, ही ओळ मात्र आली नाही.

परवानाधारकावर अन्याय होत असेल तर त्याला काही उपाय आहे का?

आहे, आणि तो असायलाच हवा. निलंबनाचा किंवा रद्द करण्याचा आदेश कारणांसह लेखी द्यावा लागतो आणि त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. अपील प्रलंबित असताना, अपील प्राधिकाऱ्याने वेगळे सांगितले नसेल तर, मूळ आदेश लागू राहतो, म्हणजे "अपील केले आहे" एवढे सांगून बंदूक घरी नेता येत नाही. पुढे उच्च न्यायालयात जायचे झाल्यास या दोन्ही जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे सर्किट बेंच सुरू झाले आहे. निलंबनाच्या काळात बंदुकीची मालकी जात नाही, ती फक्त जमा असते.

त्याने नवीन परवान्यासाठी अर्ज केला आहे किंवा नूतनीकरण जवळ आले आहे. हरकत घेता येते का?

घेता येते, आणि हीच सर्वांत सोपी वेळ असते. परवाना आता पाच वर्षांचा असतो, आणि नूतनीकरणाला नव्या परवान्याचेच निकष लागतात. पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो, त्यापूर्वी आपला अर्ज ठाण्यात आणि गृह शाखेत पोचलेला असावा. वडिलांची बंदूक मुलाच्या नावे करतानाही मुलाची चौकशी होते, ती वारसाहक्काची केवळ नोंद नसते.

हे सगळे करायला पैसे नाहीत. कोणाकडे जावे?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय किंवा तालुका समिती गाठावी, अथवा १५१०० वर फोन करावा. महिला मदतवाहिनी १८१ आहे, आणि तात्पुरता निवारा लागल्यास सखी केंद्रात जाता येते.

बैठक बसली, तडजोड झाली. आता बंदूक परत द्यावी लागेल का?

तुम्हाला ती देता येत नाही आणि रोखताही येत नाही, कारण ती तुमच्या ताब्यात नसते. संरक्षण आदेश तुम्ही स्वतः रद्द करण्याचा अर्ज देईपर्यंत सामान्यतः चालू राहतो, फक्त परिस्थिती बदलल्याचे पटल्यास दंडाधिकारी कारणे नोंदवून तो बदलू किंवा मागे घेऊ शकतात. बैठकीत झालेल्या समजुतीने तो आदेश संपत नाही, आणि तो मोडल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवान्याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा असतो आणि तो तुमच्या तडजोडीने बांधलेला नाही. तडजोडीच्या कागदावर "शस्त्र परत देण्यास हरकत नाही" असे एखादे वाक्य हळूच घातले जाते. ते वाचून, समजून, आणि वकिलाला दाखवूनच सही करावी. नांदायला परत जाताना बंदूक ठाण्यातच जमा राहील अशी अट त्याच कागदात घालून घेता येते, आणि ती अट मान्य करायला समोरचा तयार नसेल, तर त्याचे कारण त्याच बैठकीत सर्वांसमोर विचारावे.